जुना असेंबल्ड कॉम्प्युटर: विकायचा, सुटा करायचा की भंगारात द्यायचा?

असेंबल्ड कॉम्प्युटर विकायला काढला की पहिली अडचण भावाची येते. लॅपटॉपचं मॉडेल सांगितलं की दुकानदार दोन मिनिटांत आकडा सांगतो. असेंबल्डला मॉडेलच नसतं. बोर्ड (मदरबोर्ड) एका कंपनीचा, रॅम दुसऱ्या कंपनीची, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) तिसऱ्याचाच, आणि मधे कधीतरी कुणीतरी हार्ड डिस्क बदललेली. त्यामुळे परभणी काय, जालना काय, दुकानात डबा उचलून नेला की बाहेरूनच बघून "याला काय येतंय आता?" असं ऐकायला मिळतं. आपण मिळेल त्या भावात देऊन मोकळे होतो. नाहीतर डबा माळ्यावर जातो आणि काही वर्षांनी लोखंडाच्या भावात भंगारवाल्याकडे.

हे दोन्ही टाळता येतं. घरचे, दुकानातले आणि नातेवाइकांचे जुने कॉम्प्युटर मार्गी लावताना माझं एक मत पक्कं झालं आहे: "विकू की भंगारात देऊ?" हा प्रश्न अख्ख्या डब्याला विचारू नका, आतल्या एकेका भागाला विचारा. एकाच डब्यातला प्रोसेसर विकण्याजोगा असतो, हार्ड डिस्क घरी ठेवण्याजोगी असते आणि एसएमपीएस ई-कचऱ्यात देण्याजोगा असतो.

सुरुवातीला हे जमवून ठेवा

- चांगला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, पेन्सिलचा खोडरबर
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह
- खरेदीचं बिल, बोर्डाचे आणि ग्राफिक्स कार्डाचे खोके असतील तर ते
- विंडोज, टॅली, फॉन्ट वगैरे सॉफ्टवेअरचे लायसन्स क्रमांक. यूएसबी लॉक (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पोर्टला लावायची छोटी किल्ली) असेल तर तो
- सिरियल नंबरांचे फोटो काढायला मोबाइल
- एक वही

१. आत काय आहे ते लिहून काढा

कॉम्प्युटर चालू होत असेल तर टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सवर जा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि डिस्क कोणती ते तिथं दिसतं. बोर्डाचं नाव आणि रॅम कोणत्या प्रकारची, डीडीआर ३ आहे की डीडीआर ४, हे सीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅममध्ये कळतं. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा. तिथं 'गुड' आलं तर ठीक. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं तर ती डिस्क विकण्याच्या यादीतून लगेच काढून टाका, कुणाच्या गळ्यात मारू नका.

इंटेलच्या प्रोसेसरची पिढी नंबरावरून ओळखता येते. आय-फाइव्ह २४०० म्हणजे दुसरी पिढी, ४४६० म्हणजे चौथी, ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. "आय-फाइव्ह आहे" एवढ्यावर भाव ठरत नाही. दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह आणि दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह यांत फार मोठं अंतर आहे, आणि घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो.

कॉम्प्युटर चालूच होत नसेल तर तो मेला असं लगेच धरू नका. आपल्याकडची धूळ, एप्रिल-मेचा उन्हाळा आणि लाइटचं कमी-जास्त होणं यांनी मशीन बंद पडतं, पण दर वेळी बोर्डच गेलेला असतो असं नाही. वायर भिंतीतून काढा, डबा उघडा, ब्रशनं धूळ झाडा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसून परत बसवा. बंद पडलेलं मशीन एवढ्यावर चालू होण्याची उदाहरणं भरपूर आहेत. प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल संपला आहे. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तरीही पंखा फिरला नाही तर दुकानात दुसरा एसएमपीएस लावून बघायला सांगा. बोर्डावरचे उभे, छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर मात्र बोर्डाची आशा सोडा.

एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ जोरदार विद्युतभार राहतो.

२. विंडोज ११ ची रेघ ओढा

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यावर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासूनचा बहुतेक प्रोसेसर चालतो. सोबत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा तशी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. जुन्या मशीनच्या बाजारात आज सगळ्यात मोठी दरी याच रेघेवर आहे.

*रेघेच्या वरचं मशीन:* अख्खं विका. पण त्याआधी एक काम करा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवा. ते "हा कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालत नाही" असं सांगेल, तरी घाबरू नका. असेंबल्ड मशीनमध्ये टीपीएम अनेकदा असतं, फक्त बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावानं सापडतं. ते सुरू करा आणि पुन्हा तपासा. मशीन जुन्या 'लेगसी' पद्धतीनं सुरू (बूट) होत असेल तर डिस्कची मांडणी 'जीपीटी' प्रकारची करून ते 'यूईएफआय' या नव्या पद्धतीवर आणावं लागतं. हे काम बॅकअप घेतल्याशिवाय करू नका. जमत नसेल तर दुकानदाराकडून करून घ्या. "विंडोज ११ चालत नाही" म्हणून भाव पाडून मागणाऱ्याला तुम्ही चालू विंडोज ११ दाखवू शकलात, तर बोलणंच बदलतं.

*रेघेच्या खालचं, पण दुसऱ्या ते सातव्या पिढीतलं मशीन:* खरा विचार इथंच करावा लागतो. चालू असेल तर ते भंगार नाही. एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली त्यावर व्यवस्थित चालते. दुकानाच्या काउंटरवर बिलं करायला, मुलांना सरावाला, गावातल्या अभ्यासिकेत ते कामाला येतं. आपल्याकडे याला एक हक्काचा गिऱ्हाईक आहे: शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करणारी मुलं. त्यांना घरी रोज सरावासाठी कीबोर्ड, पडदा आणि चालू मशीन लागतं, नवा प्रोसेसर नाही. फक्त विंडोज १० तसंच ठेवलं तर पुढं सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत आणि मग बँकेच्या कामाला हे वापरू नये, हे घेणाऱ्याला तोंडावर सांगा.

*कोअर टू ड्युओ, पेन्टियम ड्युअल कोअर, डीडीआर २ रॅमवालं मशीन:* कॉम्प्युटर म्हणून त्याचा काळ संपला. पैसे येतील म्हणून वाट बघत बसू नका. डेटा काढा आणि सरळ शेवटच्या पायरीवर जा.

३. विकण्यासाठी किती खर्च करायचा?

जवळजवळ काहीच नाही. साफसफाई, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप), सेल एवढं करा. घरात पडलेली छोटी एसएसडी असेल तर जरूर टाका, कारण घेणाऱ्याला मशीनचा वेग समोर दिसतो. पण विकायचंच म्हणून नवा बोर्ड घेणं किंवा बोर्ड दुरुस्तीला टाकणं हा तोट्याचा व्यवहार आहे. त्यातही जुन्या पिढ्यांना बसणारे एच ६१ सारखे बोर्ड साध्या कंपन्यांनी पुढं बरीच वर्षं नवे विकले. त्यामुळे वापरलेल्या बोर्डाला भाव कमी मिळतो. प्रोसेसर मात्र सहसा खराब होत नाही. म्हणून बोर्ड गेला असला तरी प्रोसेसर जपून काढून ठेवा.

४. डेटा: इथं घाई नको

सगळ्या लेखातलं हे एकच कलम वाचणार असाल तर हे वाचा.

बॅकअप म्हणजे फक्त फोटो नव्हेत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, टॅलीचा डेटा फोल्डर, डेस्कटॉपवर पडलेल्या सात-बाराच्या आणि मार्कमेमोच्या पीडीएफ, जुने ईमेल हे सगळं बघा. टॅलीचं लायसन्स मशीन चालू असतानाच 'सरेंडर' (जुन्या मशीनवरून सोडवणं) करा, म्हणजे नव्या मशीनवर विनाकटकट चालू होतं. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन आणि फॉन्टचा लॉक मागच्या पोर्टला लावलेला तसाच राहतो आणि डब्यासोबत निघून जातो; आधी तो काढून खिशात टाका.

डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी) करणाऱ्यांसाठी विशेष. पत्रिका, पॅम्फ्लेट, स्मरणिका यांच्या जुन्या फाइल युनिकोडमध्ये नसतात. ज्या फॉन्टमध्ये मजकूर बसवला तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर तिथं नुसती अगम्य अक्षरं दिसतात. म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करून घ्या आणि पुन्हा लागणारा मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवा. मशीन गेल्यावर हे काम दहापट अवघड होतं.

आता पुसणं. डिलीट केलं, रिसायकल बिन रिकामी केली, क्विक फॉरमॅट मारला, तरी डेटा डिस्कवरच असतो. फुकटच्या रिकव्हरी प्रोग्रॅमनं तो परत काढता येतो. विंडोजमध्ये 'रिसेट धिस पीसी' निवडा, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' करा, आणि पुढं सेटिंग बदलून दोन गोष्टी चालू करा: 'क्लीन डेटा' आणि सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल पुसणं. दुसरी फार जण विसरतात. आपल्याकडे सगळं महत्त्वाचं 'डी' आणि 'ई' ड्राइव्हमध्ये ठेवायची सवय आहे, आणि नुसता 'सी' पुसला तर ते सगळं जसंच्या तसं राहतं. मोठ्या हार्ड डिस्कला यात कित्येक तास लागतात. लाइट जाणार नाही अशा वेळी, यूपीएसवर लावा.

एसएसडीची रचना वेगळी असते. वरून नवा डेटा लिहून तिचा प्रत्येक कप्पा पुसला जाईलच असं नाही. तिच्यासाठी कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधलं 'सिक्युअर इरेज' वापरा.

माझा सल्ला याहून सोपा आहे: शंका असेल तर डिस्क विकूच नका. एसएसडी केसिंगमध्ये (यूएसबी जोडणीच्या डबीत) टाकली की बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. डेस्कटॉपच्या मोठ्या, साडेतीन इंची हार्ड डिस्कला मात्र वेगळा अडॅप्टर असलेलं केसिंग घ्या. ती नुसत्या यूएसबीवर चालत नाही. बंद पडलेली हार्ड डिस्क पुसता येत नाही, म्हणून तिला ड्रिलनं आरपार भोकं पाडा आणि मगच ई-कचऱ्यात द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, आतली चकती काचेची असू शकते.

ऑनलाइन फॉर्म भरणारे, झेरॉक्सवाले, सेवा केंद्र चालवणारे यांना हात जोडून सांगतो: तुमच्या डिस्कवर गावातल्या शेकडो माणसांचे आधार, पासबुक, जातीचे दाखले आहेत. त्यांनी ते तुमच्यावर विश्वास ठेवून दिले. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी ही डिस्क कुणाच्या हाती जाऊ देणं बरोबर नाही.

५. अख्खा की सुटा?

मशीन चालू असेल, ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल, तर अख्खाच विका. कीबोर्ड, माउस, पडद्यासह लावून दाखवता येईल असा संच लवकर जातो. वेगळं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर ४ रॅम किंवा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस असेल तर सुटं विकण्यात जास्त पैसे मिळतात, पण गिऱ्हाइकं चार शोधावी लागतात आणि उरलेला सांगाडा तुमच्याच गळ्यात राहतो. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चांगलेच चढले. त्यामुळे रॅमचा भाव जुन्या अंदाजानं सांगू नका, त्याच दिवशीचा बघा.

भाव काढायची माझी रीत: ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर तशाच प्रोसेसरच्या आठ-दहा जाहिराती बघा. त्यातल्या सगळ्यात चढ्या दोन-तीन सोडून द्या, त्या तशाच पडून असतात. उरलेल्यांचा मधला आकडा धरा. मग त्याच पैशात कंपनीतून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप मिळतो का ते बघा. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाण्यातल्या कंपन्यांतून आणि पुण्या-हैदराबादच्या बाजारातून असे डेस्कटॉप आपल्याकडे येतात, दुकानदार त्यांना थोडीफार वॉरंटीही देतो. तुमचा असेंबल्ड त्यापेक्षा स्वस्त असेल तरच जाईल. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं, तिथला भावही विचारून ठेवा.

जून ते ऑगस्ट, शाळा-कॉलेजं सुरू होतात तेव्हा विचारणा वाढते. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथं वसतिगृहांत आणि खोल्यांवर राहणाऱ्या मुलांपर्यंत पोचा. अभ्यासिकेच्या फलकावर लावलेली चिठ्ठीसुद्धा काम करते. जाहिरात अशी लिहा:

"आय-फाइव्ह ६४००, ८ जीबी डीडीआर ४, २४० जीबी एसएसडी, १९ इंची एलईडी. २०१७ ची खरेदी, बिल आहे. चालू स्थितीत, घरी येऊन बघा. मागचा एक यूएसबी पोर्ट बंद आहे. विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही."

दोष लिहिल्यानं गिऱ्हाईक जात नाही. उलट बघायला येणारा माणूस घासाघीस कमी करतो.

६. सौदा करताना

- "आर्मीमध्ये आहे, बघायला येत नाही, लगेच पैसे टाकतो, क्यूआर स्कॅन करा" असं कुणी म्हणालं की बोलणं तिथंच थांबवा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.
- दुकानदाराला "बघून ठेवा, संध्याकाळी येतो" म्हणून डबा सोडून येऊ नका. आधी रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्डाच्या सिरियल नंबरांचे फोटो काढा आणि तपासणी समोर बसून करून घ्या.
- घेणाऱ्याला अर्धा तास मशीन चालवून बघू द्या. चार-सात दिवसांची चेकिंग वॉरंटी द्यायची तर काय-काय धरून, ते आधीच बोला.
- साध्या कागदावर विक्रीची चिठ्ठी करा: तारीख, दोघांची नावं, भागांची यादी सिरियल नंबरासह, रक्कम, "डिस्क पुसून दिली आहे" हे वाक्य आणि दोघांच्या सह्या. आधारची झेरॉक्स द्यायची गरज नाही.
- मशीन दुकानाच्या हिशोबात दाखवलेलं असेल तर विकण्याआधी सीएंना कळवा. कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा (वापरामुळे दरवर्षी कमी धरायची किंमत) लागतो, त्यामुळे वहीतली किंमत तुम्हाला वाटते त्याहून बरीच खाली आलेली असते.

ग्रामपंचायतीचं, शाळेचं किंवा संस्थेचं मशीन असेल तर वरचं काही लागू नाही. तिथं ठराव आणि निर्लेखन (वस्तू नोंदवहीतून रीतसर काढणं) झाल्याशिवाय एक रॅमसुद्धा बाहेर देता येत नाही.

७. शाळेला द्यायचा विचार असेल तर

विचार चांगला आहे, पण चालू मशीनच द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेनं वस्तू घेतली की ती डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढते. मग ती बंद पडली तरी निर्लेखन होईपर्यंत मुख्याध्यापकांना सांभाळावी लागते. बंद डबा देणं म्हणजे आपल्या घरातली अडगळ शाळेच्या कपाटात नेऊन ठेवणं. आधी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारा, देणगीचं पत्र द्या, सोबत चालणारा कीबोर्ड-माउस द्या आणि एकदा जाऊन मशीन लावून द्या.

८. जे उरलं ते ई-कचऱ्यात

फुगलेला बोर्ड, जळका एसएमपीएस, भोकं पाडलेली डिस्क, तुटके केबल हे नेहमीच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो माणूस वाईट नाही, पण पुढं तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सोन्याच्या कणांसाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले जातात. तो धूर आणि ते पाणी आपल्याच गावच्या शिवारात येतं, आणि हे काम करणाऱ्यांत लहान मुलंही असतात. बोर्डावरच्या जुन्या डाखात शिसं असतं, जुन्या पेटी मॉनिटरच्या काचेत तर भरपूर. असा मॉनिटर फोडू नका, अख्खाच द्या. पत्र्याची कॅबिनेट मात्र रिकामी करून खुशाल लोखंडात घाला.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार माल विकणाऱ्या कंपन्यांवरच त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. पडदा किंवा प्रिंटर मोठ्या कंपनीचा असेल तर तिच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवेत कचरा परत घेण्याबद्दल विचारा. बाकी सुट्या भागांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत पुनर्वापर केंद्रांची यादी असते. तिथून फोन करून घ्या, माल कमीत कमी किती लागतो आणि पावती मिळते का ते विचारा.

एका डब्यासाठी गाडी तालुक्याला येणार नाही. म्हणून कॉलनीतले, गल्लीतले चार-सहा जण मिळून एकदम द्या. शाळा, कॉलेज, गणेश मंडळ यांनी एक दिवस ठरवून गोळा केलं तर सगळ्यांत सोपं.

यूपीएसची बॅटरी यात घालू नका. ती शिसं-आम्लाची असते आणि २०२२ च्याच वेगळ्या बॅटरी नियमांत येते. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि किमतीतून काही रक्कम कमीही करतो, ती मागून घ्या. बोर्डावरचा छोटा सेल काढून चिकटपट्टी लावून वेगळा ठेवा, घरात लहान लेकरू असेल तर तो त्याच्या हाती लागता कामा नये. गिळला गेल्यास अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते.

लगेच द्यायची सोय नसेल तर सगळं एका कोरड्या खोक्यात भरा, वर "ई-कचरा, डिस्क पुसलेली" असं लिहा, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा आणि पुढच्या वेळी जिल्ह्याच्या गावी गाडीनं जाल तेव्हा आधी फोन करून सोबत घेऊन जा.